एक सायकल, पाच घरं

आम्ही एका गटातल्या पाचजणी आज रेडिओच्या खोलीत बसलोय. खुर्च्या चारच आहेत, म्हणून आमची धाकटी उभी आहे. तोंडी बोलायचं ठरलं होतं, पण माईक समोर आला की शब्द पळतात हे आम्हाला माहीत होतं. म्हणून सगळं वहीत लिहून आणलंय. आळीपाळीनं वाचतोय. मधेच कुणी हसलं तर समजून घ्या.

बोलायचंय ते घरात ठेवायच्या सायकलीबद्दल. रस्त्यावर पळते ती सायकल नव्हे. जागच्या जागी उभी राहते, आपण पायडल मारायचं आणि कुठंच पोचायचं नाही, ती व्यायामाची सायकल. आमच्या गावात ती पहिल्यांदा आली तेव्हा टेम्पोतून उतरवताना पारावरच्या मंडळींनी विचारलं, "ही चालवत कुठवर जाणार?" आक्का म्हणाली, "दवाखान्यात जायचं टाळणार."

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. गटात आम्ही बाराजणी, पण सायकलीच्या नादाला लागलो त्या पाच. कारण झाल्या आमच्या काकी. काकींना सहा वर्षं साखर आहे. डॉक्टर दर वेळी सांगायचे, रोज अर्धा तास चाला. काकी मान डोलवायच्या, घरी यायच्या आणि चालायच्या नाहीत. आम्हीही त्यांना बोलायचो, म्हणायचो की तुम्हाला आळस आहे. मग एकदा ठरवून पाचहीजणी त्यांच्याबरोबर पहाटे निघालो. आठ दिवसांत कळलं. रस्त्याला कडेची जागाच नाही. उसाच्या ट्रॉल्या येतात, त्यांना मागं दिवा नसतो. वस्तीवरची कुत्री. दिवस उजाडल्यावर जावं तर पाणी, धारा, डबे. संध्याकाळी जावं तर प्रत्येक दारातून "कुणीकडं निघालात?" काकींचे पाय त्यात मुंग्या येणारे. खडा टोचला तरी कळत नाही. आळस नव्हता तो. त्या दिवसापासून काकींना आम्ही आळशी म्हणायचं सोडलं.

आता ऐकणाऱ्या म्हणतील, शेतातल्या बाईला व्यायाम कशाला? हा प्रश्न आमच्या घरीही झाला. आमचं उत्तर जरा वेगळं आहे. जिचं दिवसभर खुरपं चालतं, जी डोक्यावरून वैरण आणते, तिला आम्ही सायकलीवर बसा म्हणत नाही. तिला आधी टेकायला अर्धा तास मिळू द्या. पण आपल्यातल्या किती बायका आता रोज रानात जातात? काकी गुडघ्यामुळं जात नाहीत. वहिनी शिलाई मशीनवर बसतात. ताईंचं दुकान आहे. पाणी मोटारीनं येतं, वाटण मिक्सरवर होतं. काम संपत नाही, पण ते बसून किंवा वाकून असतं. कंबर दुखते, आणि छाती भरून श्वास मात्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं तरी थोडा दम लागेल अशी हालचाल करावी. पाच दिवस अर्धा अर्धा तास. दहा दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतं.

पहिल्यांदा आम्ही पैसे वाचवायला गेलो. ताईंच्या मुलीला शाळेत असताना मिळालेली सायकल घरात पडून होती. डबल स्टँडवर लावली की मागचं चाक अधांतरी फिरतं, तर त्यावरच बसून पायडल मारू असा बेत. तिसऱ्या दिवशी स्टँड सटकला आणि वहिनी सायकलीसकट हौदाच्या कठड्यावर. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. तो स्टँड सायकल उभी करायला असतो, वर माणूस बसून हलायला नसतो. शिवाय मोकळ्या चाकाला ओढच नसते. पाय नुसते गरागरा फिरतात आणि गुडघ्याला झटके बसतात. तुम्ही हे करू नका.

मग प्रत्येकीनं ७०० रुपये काढले. साताऱ्यात एका घरी वापरून अडगळीत पडलेली व्यायामाची सायकल ३,५०० रुपयांना मिळाली. हँडलवरून फडकं काढलं तेव्हा त्याखाली आणखी दोन फडकी निघाली. त्या घरी तिची कपडे वाळत घालायची दांडी झाली होती. पुढं लोखंडी जड चाक, त्यावरून एक पट्टा, आणि हँडलखाली पट्टा घट्ट-सैल करायची मूठ. वीज लागत नाही. मिनिटं दाखवायची डबी दोन बारक्या सेलवर चालते, ती बंद पडली तर भिंतीवरचं घड्याळ आहेच. वजन साधारण गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं.

ठेवायची कुणाच्या घरी? एकीच्या घरी कायमची ठेवली असती तर बाकीच्यांना रोज तिच्या घरी जावं लागलं असतं, आणि रोज दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणजे रोज आपल्या घरी कारण सांगावं लागतं. म्हणून भिशीसारखं केलं. चिठ्ठ्या टाकल्या. दोन दोन महिने एकेकीच्या घरी. त्यामुळं एका सायकलीला जागा करायचा उद्योग आम्ही पाच वेळा केला, पाच तऱ्हेच्या घरांत. तेच आज सांगायचंय, कारण सायकल आणणं सोपं होतं. जागा करणं अवघड निघालं.

पहिली चिठ्ठी वहिनींची. त्यांचं स्लॅबचं घर, पुढं मोठा हॉल, खाली गुळगुळीत फरशी. जागेचा प्रश्नच नाही, असं वाटलं. टीव्हीसमोर ठेवली. पण टीव्हीसमोर घरातली पुरुष माणसं बसतात. पाहुणे येतात. वहिनी चढल्या की कुणीतरी आलंच, आणि त्या उतरल्या. पंधरा दिवसांत हिशेब केला तर वहिनी एकूण चाळीस मिनिटं बसल्या होत्या आणि दीरांचा मुलगा रोज तासभर. शेवटी ती आतल्या खोलीत शिलाई मशीनजवळ, खिडकीशी गेली. तिथं अडचण वाटली तरी रोज वापर झाला. यावरून आम्ही पहिली गोष्ट शिकलो. मोकळी जागा शोधू नका. जिथं तुम्ही असताना कुणी तुम्हाला उठवत नाही, ती जागा शोधा.

जागा मोजायला टेप लागत नाही. झोपायची एक चटई पसरा. चटई सरळ पसरली आणि तिच्या एका बाजूला एक बाई उभी राहू शकली, की सायकल मावते. उभी राहायची बाजू चढ-उतार करायला लागते. ती बाजू भिंतीकडं ठेवली तर रोज कसरत होते.

गुळगुळीत फरशीवर सायकल सरकते. आधी आम्ही खाली गोणपाट टाकला, तो सायकलीबरोबरच सरकायला लागला. उपाय धाकटीच्या गोठ्यात सापडला. गाईखाली टाकतात तो जाड रबरी मॅट. त्याचा उरलेला तुकडा घासून धुतला, ऊन दिलं आणि खाली घातला. आवाजही कमी झाला. पाचही घरी तो तुकडा सायकलीबरोबर फिरतो.

दुसरी चिठ्ठी ताईंची. घर पत्र्याचं आणि महिना एप्रिल. यावर फार बोलण्यासारखं नाही. दुपारी बारा ते पाच तिथं बसणं म्हणजे भट्टीत बसणं. ताई पहाटे दुकान उघडायच्या आधी बसायच्या, आम्ही दिवेलागणीनंतर. ज्यांचं घर पत्र्याचं आहे त्यांनी जागेबरोबर वेळही ठरवावी. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा. उकाड्यात चक्कर आल्यासारखं झालं तर उतरून आडवं व्हावं, राहिलेली मिनिटं दुसऱ्या दिवशी.

तिसरी धाकटी. तिच्या पडवीत जमीन शेणानं सारवलेली. छान गार. पण सायकलीचे पाय रुतले आणि ती एका अंगाला कलली. तिरक्या सायकलीवर बसलं की एका बाजूची कंबर धरते, धाकटीची धरली. मग खाली फरशीचे दोन तुकडे बसवले. जमीन सपाट आहे का हे बघायला मुलांची एक गोटी ठेवायची. गोटी जिकडं पळेल ती बाजू खाली. पडवीत वारा चांगला, उजेड चांगला, आणि येणारा-जाणारा बघणारही चांगला. धाकटीनं जुन्या साडीचा पडदा लावला. पडवीच्या दुसऱ्या टोकाला चूल आहे. चूल पेटलेली असताना बसायचं नाही हा तिथला नियम. दम लागतो तेव्हा आपण नेहमीपेक्षा जास्त हवा ओढतो, म्हणजे धूरही जास्त ओढतो.

धाकटीच्या घरी लहान मूल आहे. अडीच वर्षांचं. आम्ही सायकल चालवताना त्याला त्या फिरणाऱ्या चाकाची भारी मौज. एकदा त्याचं बोट पट्ट्यापर्यंत गेलं आणि धाकटीच्या सासूनं वेळेवर हात धरला. काही झालं नाही. पण ती किंकाळी आमच्या अजून कानात आहे. त्या दिवसापासून मूल पाळण्यात किंवा कुणाच्या कडेवर असेल तेव्हाच पायडल. आणि उतरताना पट्टा पूर्ण घट्ट करून ठेवायचा, म्हणजे चाक सहज फिरत नाही. मूल जागं असताना बसू नकाच असं आम्ही म्हणणार नाही. मग आईला वेळ कधी मिळणार?

चौथी चिठ्ठी आक्काची. आक्काचं जुनं मातीचं घर, मागं धान्याची खोली. खोलीला वर झरोका, दार लावलं की एकांत. आम्हाला वाटलं, आता खरी जागा मिळाली. कोठ्या थोड्या सरकवल्या, झाडलोट केली. त्याच दिवशी उपकेंद्रातल्या नर्सबाई आक्काचा रक्तदाब बघायला आल्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धान्यात काय टाकता?"

कोनाड्यात कापडात गुंडाळलेली एक नळी होती. धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात त्या गोळ्या. मागच्या वर्षीच्या, अर्ध्या उरलेल्या. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. या गोळीला हवेतली ओल लागली की तिच्यातून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. कोठी मातीनं लिंपली तरी फटीतून येतो. राहत्या घरात या गोळ्या वापरायच्याच नसतात. आणि आम्ही तिथं दार लावून, दम लागेपर्यंत श्वास घ्यायला निघालो होतो. आक्काची नात वर्षभर त्याच खोलीच्या दाराशी झोपत होती.

नर्सबाईंनी त्या नळीला हात लावू दिला नाही, पाण्यात टाकू दिली नाही. दार-झरोका उघडे ठेवून सगळ्यांना अंगणात काढलं. मग कृषी सहायकाला बोलावून, ते सांगतील त्या पद्धतीनं ती घराबाहेर गेली. फवारणीची औषधंही त्याच खोलीत फडताळावर होती. ती आता गोठ्यामागच्या कुलपाच्या पेटीत असतात. धान्याला आक्का पूर्वीसारखं कडक ऊन देते आणि कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालते. थोडं किडतं. चालतं.

सायकल आक्काच्या माजघरात राहिली. पण सायकल आली म्हणून ती खोली तपासली गेली, हे आम्ही विसरत नाही. तुमच्या घरी सायकल येवो न येवो, धान्याच्या खोलीत काय ठेवलंय ते आज जाऊन बघा.

आक्काबद्दल एक सांगायचं राहिलं. ती नऊवारी नेसते. आम्हाला वाटलं होतं, हिचं कसं होणार. पण काष्टा घातलेली आक्का टांग टाकून आमच्याआधी बसली. अडचण आमची सहावारीची झाली. निऱ्या पायडलमध्ये जातात, पदर चाकाकडं लोंबतो. गाऊन त्याहून वाईट. आता आम्ही खाली अरुंद असलेली जुनी सलवार घालतो, ओढणी काढून ठेवतो. पैंजण काढतो, कारण ते अडकतात. पायात सपाता नकोत, निसटतात. मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. ज्यांना साखर आहे त्यांनी अनवाणी तर बसूच नये, आणि उतरल्यावर दोन्ही तळवे बघावेत. फोड आला तरी त्यांना कळत नाही. काकींचे तळवे त्यांचा नातू बघतो. तो तिसरीत आहे आणि हे काम तो फार गंभीरपणे करतो.

आता पाचवी चिठ्ठी, म्हणजे काकींची. जिच्यासाठी सगळं सुरू झालं तिचा नंबर शेवटी लागला. आम्ही चिठ्ठी बदलू म्हटलं होतं, काकींनी बदलू दिली नाही.

काकींचं घर घरकुल योजनेतलं. हल्लीच्या घरकुलाचं माप २६९ चौरस फूट असतं, म्हणजे स्वयंपाक, देव, पलंग, कपाट सगळं त्यात. पुढच्या खोलीत सासूबाईंचा पलंग. आतल्या खोलीत ओटा आणि भांडी. आम्ही चटई घेऊन गेलो. आत पसरली, ती पिंपाला अडली. पलंगाच्या शेजारी पसरली, तर दार उघडेना. काकी म्हणाल्या, "जाऊ द्या, माझ्या वाटणीचे दोन महिने वहिनीला द्या."

तेवढ्यात काका आले. संध्याकाळ झाली होती. त्यांनी दाराच्या पायरीवर फळी टाकली, मोटारसायकल ढकलत आत घेतली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी केली. रोजच्यासारखी. आमच्या हातात चटई तशीच.

काकांचं चूक होतं असं नाही. गावात पेट्रोल चोरीला जातं. गाडीचं कर्ज फिटायचंय. पण ती गाडी पहिल्या दिवशी घरात आली तेव्हा कुणी माप घेतलं नव्हतं. पलंग सरकवला गेला, कपाट वळवलं गेलं, आणि गाडी मावली. आम्ही हे मोठ्यानं बोललो नाही. धाकटीनं फक्त चटई गाडीशेजारी जमिनीवर टाकली. बरोबर तेवढीच जागा.

आधी मधला मार्ग काढला. दिवसा गाडी बाहेर असते, तेव्हा सायकल तिच्या जागी. संध्याकाळी सायकल ओट्याजवळ ढकलायची. सायकलीला पुढं दोन बारकी चाकं असतात, तिरकी करून ओढता येते. पण रोज दोन वेळा पंचवीस किलो ओढायचं, तेही गुडघे दुखणाऱ्या बाईनं. आठवड्यात ते बंद पडलं. जी वस्तू वापरायच्या आधी हलवावी लागते ती वापरली जात नाही, हे आम्ही पाच घरांत पाचही वेळा पाहिलं.

मग काकींच्या सासूबाई बोलल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, कमी बोलतात. मुलाला म्हणाल्या, "रात्रभर माझ्या उशाशी पेट्रोलचा वास असतो. खोकला मला त्यानंच येतो. बायकोची सायकल वास मारत नाही." काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीला लागून चार पत्रे टाकले, जमिनीत लोखंडी कडी पुरली आणि साखळी-कुलूप आणलं. पहिले काही दिवस रात्री दोनदा उठून बघायचे. आता उठत नाहीत. सासूबाईंचा खोकला पूर्ण थांबला नाही, पण झोप लागते म्हणतात.

तर काकींची सायकल पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. तोंड दाराकडं. हे काकींनी ठरवलं. आम्ही म्हणत होतो भिंतीकडं ठेवा. त्या म्हणाल्या, भिंत आयुष्यभर बघितली.

आता बसायचं कसं ते. सीटची उंची हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच सगळ्या चुकतात. पडायच्या भीतीनं आपण सीट खाली करतो. सीट खाली असली की गुडघा फार दुमडतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला ताण येतो. मग गुडघा दुखतो आणि आपण म्हणतो सायकलीनं दुखला. सायकलीशेजारी उभं राहा, सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणा. वर बसून पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघा थोडासा वाकलेला राहतो. तेच बरोबर. सीटच्या दांडीला भोकं असतात. प्रत्येकीच्या भोकाशी आम्ही नखाला लावायच्या रंगाचा ठिपका दिलाय. आक्काचा लाल, वहिनींचा गुलाबी. ताईंना रंग मिळाला नाही, त्यांनी कुंकू लावलं, ते दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं.

पहिल्या आठवड्यात पट्टा सैल ठेवून पाच मिनिटं, पुरे. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. जोर किती? बसल्या बसल्या शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी म्हणता येत असेल तर थोडं घट्ट करा. बोलताच येत नसेल तर सैल करा. जेवल्यावर तासभर जाऊ द्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारीनं उपाशीपोटी बसू नये आणि हाताशी साखर ठेवावी. हात थरथरले, गार घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर उतरायचं आणि साखर तोंडात टाकायची. छातीवर दाब आला, जबडा किंवा हात दुखायला लागला, बसूनही दम जाईना, तर घरच्यांना हाक मारा आणि दवाखाना गाठा. ते अंगावर काढायचं दुखणं नाही. बसायला सुरुवात करण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तीस वर्षांवरच्यांची ही तपासणी उपकेंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा. आधीच औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगून मगच बसा.

आता तुम्ही विचारणार, काकींची साखर उतरली का? थोडी उतरली. गोळी सुटली का? नाही सुटली, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडायचीही नाही. गुडघा मात्र सैल झाला. सायकलीवर अंगाचा भार सीटवर असतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्यालाही ती झेपते. काकी आता देवळाच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढतात. पण हाडांना बळ यायला पायावर वजन पडावं लागतं, ते सायकलीनं होत नाही. त्यासाठी थोडं का होईना चालावंच लागतं. आम्ही संध्याकाळी काकींना घेऊन शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारतो. पाचजणी असलो की "कुणीकडं निघालात" असं कुणी विचारत नाही.

पुरुषांची थट्टा अजून चालते. न हलणारी सायकल काय कामाची म्हणतात. आमच्या ताईंनी कुठंतरी वाचलं होतं ते त्यांनी पारावर सांगितलं. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम निघाली आणि तिच्यातच हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया. त्यांनाही आधी लोक हसलेच. पी. साईनाथांनी त्यावर लिहिलंय. त्या बायका सायकलीवरून बाजारात गेल्या, पाण्याला गेल्या. आमची सायकल पलंगाच्या पायथ्याशी असते, म्हणून त्यांच्याशी आमची बरोबरी नाही. पण पारावरचा एकजण ते ऐकून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको विचारायला आली की एक चिठ्ठी वाढवता येईल का.

आमच्यात नियम तीनच आहेत. सायकलीवर कपडा टाकायचा नाही, ओला नाही नि सुकाही नाही. मागच्या महिन्यात वहिनींच्या मिस्टरांनी टॉवेल टाकला, त्यांच्याकडून दहा रुपये दंड घेतला आणि वहीत लिहिला. दुसरा, महिन्यातून एकदा सगळे नट आवळायचे आणि पायडलला तेलाचे दोन थेंब द्यायचे. पट्ट्याला तेल लावायचं नाही, तो सटकतो. तिसरा, एखादी चार दिवस बसली नाही तर बाकीच्यांनी तिच्या घरी जायचं. रागवायला नाही, काय आड आलं ते बघायला. बहुतेक वेळा सायकलीसमोर काहीतरी येऊन ठेवलेलं असतं. कांद्याचं पोतं, पाहुण्यांची बॅग, शेजाऱ्याचा कूलर. ते उचलायचं.

दुसरी फेरी आता सुरू होतेय. या वेळी पहिली चिठ्ठी काकींना बिनविरोध दिलीय, चार महिन्यांची. आणि नवी सहावी मैत्रीण आलीय. तिचं घर माडीवर आहे, जिना अरुंद आणि वळणाचा. परवा धाकटी आणि ताई चटई गुंडाळून बघायला गेल्या होत्या. सायकल आडवी करून वर जाईल असं त्यांचं म्हणणं आहे. आक्का म्हणते हँडल काढावं लागेल. रविवारी पाना घेऊन जाणार आहोत.